लेक म्हणते ब्रेक्झिट रद्द करा, नवरा म्हणतो लोकांचा कौल आहे, मधल्या मधे आईने काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो, मी साताऱ्याची, हे गोव्यातल्या पेडण्याचे. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की नाही ह्यावरच्या 2016 च्या सार्वमतात ह्यांनी लीव्हला म्हणजे बाहेर पडायला मत दिलं आणि मी रिमेनला म्हणजे राहायला, तेव्हा आमच्यात वाद झाले पण मिटले. लेक तेव्हा प्रायमरीत होती, आता युनिव्हर्सिटीत आहे आणि सुट्टीला घरी आली की हाच विषय. परवा जेवताना ती म्हणाली खोटं बोलून घेतलेलं मतदान रद्दच करायला हवं होतं, तुमच्या पिढीने आमचं युरोप विकलं. हे म्हणाले आम्ही जिंकलो, विषय संपला, कळत नसेल तर गप्प बस. ती अर्धी पोळी तशीच टाकून उठली. लेस्टरचे माझे दीर फॅमिली ग्रुपवर तिच्या बाजूने बोलले, ह्यांनी चारचौघांत त्यांना तोडून टाकलं आणि दीर ग्रुप सोडून गेले. यंदा गणपती आमच्याकडे आहेत. मी कोणाला काय सांगू?

उत्तर: सगळ्यात आधी, तुम्ही पंच होऊ नका. कोण बरोबर कोण चूक हे तुम्ही ठरवलंत की हरलेला माणूस तुमच्यावरच रागावणार. मी स्वतः रिमेनवाली आहे, दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी मार्च 2019 ला लंडनमध्ये निघालेल्या मोर्चात चालले आहे, आणि ब्रेक्झिटने नुकसान झालं असं मला आजही वाटतं. तरी तुमच्या लेकीच्या "रद्द करायला हवं होतं" ह्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण भांडणाची गाठ तिथेच आहे.

23 जून 2016 ला 72 टक्के लोकांनी मतदान केलं, 1 कोटी 74 लाखांनी लीव्ह म्हटलं, 1 कोटी 61 लाखांनी रिमेन. 51.9 विरुद्ध 48.1. फरक फार नाही हे खरं, स्कॉटलंडने 62 टक्के रिमेन म्हटलं हेही खरं, आणि कायद्याने ते सार्वमत नुसतं सल्ल्यापुरतं होतं हेही खरं. पण त्याआधी एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवलं होतं, 90 लाख पौंडांच्या वर खर्च करून, त्यात साफ लिहिलं होतं की निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. आता असं लेखी सांगून मत मागायचं आणि आकडे आवडले नाहीत म्हणून संसदेत बसून ते पुसायचं, तर ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मताने काहीतरी हललं असं पाहिलं त्याला काय वाटेल? लिंकनशरमधलं बॉस्टन घ्या, तिथे चारातल्या तिघांनी लीव्हला मत दिलं होतं. त्यांच्यापुढे जाऊन तुमचं मत गैरसमजातून होतं म्हणून मोजलं नाही असं सांगण्याची हिंमत कोणात होती?

आणि परिणाम काय झाला असता त्याची चुणूक दिसलीच. 2019 मध्ये ब्रेक्झिट थांबवा म्हणून ऑनलाइन अर्जावर 60 लाखांवर सह्या झाल्या, लिबरल डेमोक्रॅट्स हा पक्ष तर म्हणाला आमचं बहुमत आलं तर पुन्हा न विचारताच रद्द करू. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या 11 जागा आल्या आणि त्यांच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची जागा हरल्या. लेबर पक्षाने दुसऱ्या सार्वमताचं वचन दिलं होतं, त्यांच्या बोल्सोव्हर आणि सेजफिल्डसारख्या पिढ्यानपिढ्यांच्या जागा गेल्या, आणि ब्रेक्झिट पार पाडू म्हणणाऱ्या बोरिस जॉन्सनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 365 जागा मिळाल्या. सगळं काही फक्त ब्रेक्झिटमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण साडेतीन वर्षं चाललेल्या त्या ओढाताणीचा लोकांना वीट आला होता आणि आपलं मत कोणीतरी काढून घेतंय हा राग तर होताच होता.

मात्र लेकीचं सगळंच चूक नाही, हे तुमच्या ह्यांनाही ऐकावं लागेल. लोकांना पुन्हा विचारणं आणि लोकांना न विचारता निकाल फिरवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयर्लंडने 2008 मध्ये युरोपियन युनियनचा लिस्बन करार सार्वमतात नाकारला, मग त्यांच्या शंकांवर लेखी हमी घेतल्या गेल्या, 2009 मध्ये पुन्हा मतदान झालं आणि 67 टक्क्यांनी तो स्वीकारला. डेन्मार्कनेही 1992 ला मास्ट्रिख्ट करार नाकारून सवलती मिळाल्यावर 1993 ला स्वीकारला, पण त्या रात्री कोपनहेगनमध्ये दंगल पेटली आणि पोलिसांनी गोळीबार केला. म्हणजे दुसऱ्यांदा विचारणं चालतं, पण ते फुकट नसतं, हरलेल्यांच्या मनात काय साठतंय ते बघूनच करावं लागतं. आणि "विषय संपला" हे तर मुळीच खरं नाही. ब्रिटनने 1975 च्या सार्वमतात 67 टक्क्यांनी युरोपात राहायचं ठरवलं होतं. तेव्हा हरलेल्यांनी विषय संपवला का? 41 वर्षं ते बोलत राहिले म्हणून तर तुमच्या ह्यांना 2016 ला मत देता आलं. मग लेकीने परत युरोपात जाण्यासाठी काम केलं तर तो तिचा तेवढाच हक्क आहे. आता बाहेर पडून वर्षं झालीत, दिलेला शब्द पाळला गेलाय, त्यामुळे पुन्हा विचारा म्हणण्यात कोणाच्या मताचा अपमान नाही.

आता ह्यांच्याबद्दल. त्यांनी लीव्हला मत का दिलं हे लेकीला माहीत आहे का? मला पत्रात त्याचा उल्लेख दिसला नाही, पण आपल्यातल्या लीव्हवाल्यांशी मी खूप बोलले आहे आणि बहुतेकांकडून एकच गोष्ट ऐकली, की पोलंड रुमानियाचा माणूस बॅग उचलून येतो आणि माझ्या आईला मला इथे आणता येत नाही. 2012 च्या जुलैमध्ये नियम बदलले आणि म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं इथे आणणं जवळजवळ अशक्य झालं, त्याची जखम अनेक घरांत आहे. लीव्हच्या प्रचारात आपल्या लोकांना सांगितलं गेलं की युरोपचा ओघ थांबला की तुमच्यासाठी दार उघडेल. लीव्हच्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल तर करी हाउसच्या, म्हणजे आपल्याकडच्या जेवणाच्या हॉटेलांच्या, आचाऱ्यांबद्दलही तेच सांगत होत्या. खरी गोष्ट अशी की आईवडिलांचा तो नियम वेस्टमिन्स्टरने म्हणजे ब्रिटनच्याच सरकारने केला होता, ब्रसेल्सने म्हणजे युरोपियन युनियनने नाही, आणि ब्रेक्झिट झाल्यावरही तो तसाच राहिला. हे ह्यांच्या तोंडावर "बघा फसलात ना" असं म्हणून सांगायचं नाही. लेकीने नुसतं विचारायचं, बाबा तुम्हाला तेव्हा नक्की काय हवं होतं? उत्तरात आजीचं नाव आलं तर तिचा अर्धा राग तिथेच उतरेल, कारण तिला वाटतंय बाबांनी तिच्या विरुद्ध मत दिलं, आणि ते तसं नव्हतं.

ह्यांनीही एक करायचं, लीव्हच्या प्रचाराच्या बसवर रंगवलेला, ब्रिटन युरोपियन युनियनला आठवड्याला 35 कोटी पौंड देतं हा आकडा दिशाभूल करणारा होता हे मान्य करायचं, सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनेच तसं सांगितलं होतं. तेवढं मान्य केलं म्हणजे आपलं मत खोटं ठरत नाही.

तुमचे सासरे पेडण्याचे आणि हयात असतील तर लेकीला त्यांना फोन लावून द्या. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलावर, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर खूण. 34 हजार मतांनी दोन पानं जिंकली. पेडणे डिचोलीकडे फुलाला मानणारे पुष्कळ होते, त्यांना हे फार लागलं होतं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाने तर विलीनीकरणासाठीच जीव ओतला होता. पण निकाल पुसला गेला नाही, आणि गंमत म्हणजे थोड्याच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोवेकरांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. हरलेल्यांना देशद्रोही ठरवलं नाही की जिंकलेल्यांना अडाणी ठरवलं नाही म्हणून हे जमलं. आजोबा कोणत्या बाजूचे होते मला माहीत नाही, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं नक्की असेल, आणि ते ह्यांनीही शेजारी बसून ऐकावं.

घरात दोनच नियम करा. "तुमची पिढी" आणि "तुला काय कळतंय" हे दोन शब्दप्रयोग बंद, दोघांनाही. बाकी वाद होऊ दे, जेवण झाल्यावर, पानावर नाही. लेकीला हेही सांगा की आपण भारतीय पासपोर्टवर असतानाही कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून त्या दिवशी मत देऊ शकलो, आणि दहा बारा वर्षं इथे कर भरणारा पोलिश शेजारी देऊ शकला नाही, तेव्हा तिच्या हातात जे मत आहे ते तिने प्रत्येक निवडणुकीला वापरावं, नोंदणी युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावरही करून ठेवावी.

दिरांचं मात्र लेकीवर सोडू नका आणि ग्रुपवर परत ॲड करून गप्पही बसू नका. ते ह्यांनीच करायचं, मेसेजने नाही, फोन करून, भाऊ भावाशी बोलतो तसं. ब्रेक्झिटवर एक शब्दही नको, सगळ्यांसमोर तुला तसं बोललो ते चुकलं एवढंच म्हणायचं आणि गणपतीला प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशीच मुक्कामाला ये म्हणून सांगायचं, मखर लावायला माणूस लागतोच.