तनानाचा बर्फ कधी फुटणार?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त अलास्कात, फेअरबँक्सला असतो. त्यानं फोटो पाठवलाय, गोठलेल्या नदीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लाकडी सांगाडा उभा. म्हणतो, हा कधी हलणार ते ओळखलं तर लाखो डॉलर मिळतात, तिकीट घेऊ का? आमच्याकडे मटक्यापायी एक शेत गेलंय, म्हणून धसका आहे. हा काय प्रकार आहे?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : घेऊ द्या. एकच, पण घेऊ द्या.

त्या गावाचं नाव निनॅना. फेअरबँक्सहून गाडीनं तास-सव्वा तास, दोन्ही बाजूंना स्प्रूस आणि बर्चचं जंगल. निनॅना नदी तिथं तनानाला मिळते. वस्ती पाचशेच्याही आत. संगमाचं कौतुक कराडच्या बाईंना मी काय सांगावं! फक्त हा संगम हिवाळाभर गोठलेला असतो आणि बर्फ तीन-साडेतीन फूट जाड होतो.

लेकीकडे राहायला होते तेव्हा एप्रिलमध्ये आम्ही तिथं गेलो होतो. सांगाड्याला 'ट्रायपॉड' म्हणतात, पाय मात्र चार! मार्चच्या सुरुवातीला तो बर्फात रोवतात. त्याच्यापासून एक तार काठावरच्या घड्याळापर्यंत नेलेली असते. बर्फ फुटून सांगाडा शंभर फूट वाहत गेला की घड्याळ बंद पडतं, आणि तोच त्या वर्षीचा निकाल. तिकिटावर तारीख, तास आणि मिनिट लिहायचं आणि ते दुकानातल्या लाल डब्यात टाकायचं. ५ एप्रिलनंतर तिकीट नाही.

सुरुवात झाली १९१७ मध्ये. रेल्वेचं काम करणाऱ्या इंजिनियरांना नदी मोकळी होण्याची वाट पाहण्यावाचून उद्योग नव्हता, त्यांनी आपसात ८०० डॉलर जमवून पैज लावली. (तो रेल्वेमार्ग पुरा झाला तेव्हा, १५ जुलै १९२३ ला, अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग याच गावात येऊन सोन्याचा खिळा ठोकून गेले.) आता हे सगळं ना-नफा तत्त्वावर, राज्याच्या कायद्याच्या परवानगीनं चालतं आणि उत्पन्नातला वाटा धर्मादाय कामांना जातो. मटक्यात आकडा काढणारा माणूस असतो, इथं नदी आकडा काढते, तोही वर्षातून एकदा. तुमच्या धसक्यावर माझ्याकडे एवढंच औषध आहे.

मला स्वतःला बक्षिसापेक्षा ती वही मोलाची वाटते. पैसा अडकला की माणूस मिनिटाचाही हिशोब चुकू देत नाही, म्हणून शंभराहून जास्त वर्षांची बर्फ फुटल्याची नोंद अखंड मिळते. २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी तिच्यावरून दाखवलं, की बर्फ १९१७ च्या मानानं सरासरी साडेपाच दिवस आधी फुटायला लागलाय. पुढं २०१९ ला तर तो १४ एप्रिललाच फुटला, त्याआधीचा विक्रम २० एप्रिलचा होता. उलट २०१३ ला २० मे उजाडला तरी नदी हलेना! लहरीपणात ती आपल्या मृगाच्या पावसाला हार जाणार नाही.

तुमच्या मुलाला गावात आणखी एक गोष्ट विचारायला सांगा. जानेवारी १९२५ मध्ये नोम या गावात घटसर्प पसरला. औषध रेल्वेनं निनॅनापर्यंत आलं, पुढं वाट नव्हती. वीस जणांनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून, एकानं दुसऱ्याकडे सोपवत, ६७४ मैल ते पोचवलं, साडेपाच दिवसांत. पहिला गाडीवान बिल शॅनन, तो याच स्टेशनवरून रात्री निघाला.

आता तिकीट भरायचं कसं? बहुतेक वेळा बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि शक्यतो दुपारनंतर फुटतो. ऊन आणि वरून येणारं वितळलेलं पाणी, दोन्ही तेव्हा जोरात असतात. बक्षीस बरोबर ओळखणाऱ्या सगळ्यांत वाटलं जातं, वर करही द्यावा लागतो, त्यामुळे कर्ज फेडायचे बेत आखू नयेत. आणि तिथले लोक मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढं करतात, पण पैजेचा हिशोब जुन्या प्रमाणवेळेनंच होतो. तेव्हा मुलानं जी वेळ मनात धरली असेल तिच्यातून एक तास वजा करून मगच तिकिटावर लिहावी.