भावाशी बोलणं बंद आहे, सुरुवात मीच का करू?

प्रश्न: आई आजारी होती तेव्हा भाऊ पुण्याहून फिरकलासुद्धा नाही, सगळं मीच केलं. ती गेल्यावर मी त्याला पाहुण्यांसमोर नको नको ते बोलले. 3 वर्षं झाली, बोलणं नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात क्षमा कर, पण चूक त्याची आहे ना?

उत्तर: ताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि भावाची चूक तुमच्या अंगावर घ्या असं मी अजिबात सांगणार नाही. पण पत्रातली ती पाहुण्यांसमोर बोलल्याची ओळ, तेवढी तुमची आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, 3 ऱ्या अध्यायात, मना केलेलं फळ खाल्लंस का असं देव आदामाला विचारतो तर तो बायकोकडे बोट दाखवतो, वर 'तूच दिलेली' म्हणून देवालाही त्यात ओढतो, आणि ती सापाकडे. घरोघरी हेच चालतं. उलट बायबलमधल्याच लूक 15 मधला धाकटा मुलगा बघा, बापाकडून वाटा घेऊन दूर देशी गेला आणि सगळं उधळलं, त्या देशात खरंच दुष्काळ पडला होता, पण डुकरं चारता चारता शुद्धीवर आला आणि बापाला काय सांगायचं ते मनात जुळवलं, त्यात दुष्काळाचा द पण नाही, सरळ मी पाप केलं असंच.

भावाला फोन करा. 'तू आला नाहीस म्हणून मी बोलले' असं नको, तो 'म्हणून'च सगळा घोळ करतो. 'सगळ्यांसमोर बोलले ते माझं चुकलं', बस. तो काय उत्तर देतो ते त्याचं. आईच्या आजारपणाचं नंतर समोरासमोर बसून बोला, तो हक्क तुमचा आहेच.