ई-बुक खपत नाही म्हणता, तर आधी हे बघा

जाहिरातीवर पैसे घालायच्या आधी किंडलवर आपल्याच पुस्तकाचा फुकट नमुना उघडून बघा. वाचकाला सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, आणि आपल्याकडे तो अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देशातच संपतो. कथा सुरूच होत नाही, मग विकत कोण घेणार? हे सगळं बिनधास्त शेवटी टाका. प्रस्तावना लिहिणारे सर रुसतील, रुसू देत.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर रफार आणि जोडाक्षरं फोनवर स्वतः तपासा. सॉफ्टवेअरवर विसंबू नका.

केडीपीवर, म्हणजे किंडलसाठी ई-बुक प्रकाशित करायच्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेवर, कीवर्डसाठी (वाचक ज्या शब्दांनी पुस्तक शोधतात त्यांच्यासाठी) ७ रकाने मिळतात. बरेच मराठी वाचक रोमन लिपीत टाइप करून शोधतात, त्यामुळे दोन्ही लिप्यांतले शब्द भरा. नुसतं ‘कथा’ नको, ‘ग्रामीण विनोदी कथा’ असं नेमकं लिहा. मुखपृष्ठ बोटाच्या पेराएवढं करून बघा, नाव वाचता आलं पाहिजे.

केडीपी सिलेक्ट या केडीपीच्याच ऐच्छिक योजनेत पुस्तक घातलं तर ९० दिवस ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर तिथे नाव नोंदवावंच लागतं. त्यात पुस्तक फुकट देण्यासाठी मिळणारे ५ दिवस लगेच उधळू नका, दुसरं पुस्तक येईल तेव्हा पहिल्यासाठी वापरा.

आणि घरच्यांकडून पाच तारे लिहून घेऊ नका. अ‍ॅमेझॉनला ते चालत नाही, असे अभिप्राय काढून टाकले जातात.