अलिबाग–मुरुडचे जलदुर्ग दोन दिवसांत कसे पाहावेत?

आधी तिथी बघा, मग हॉटेल ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठायचा असेल तर हे गणित फार कामाचं आहे. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे हटतं, पण पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी असते, मात्र भांगामुळे (भरती-ओहोटीतला फरक कमी असल्याने) वाट नीट उघडी पडतच नाही. म्हणून तृतीया-चतुर्थी उत्तम: भरती दुपारी सव्वादोन-तीनला, ओहोटी सकाळी सव्वाआठ-नऊला, आणि पाणीही बऱ्यापैकी ओसरलेलं. ओहोटीच्या तासभर आधी निघा, पाणी वळल्यावर तासाभरात परत फिरा. उशीर झाला तर पाण्यात उतरू नका, होडीनेच या.

खांदेरीला थळहून बोट मिळते. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इथे बांधकाम सुरू केलं, तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली; दोन्ही बेटं एकत्र पाहिली तरच तो संघर्ष कळतो. निघण्यापूर्वी उतरण्याची परवानगी आणि समुद्राची स्थिती नावाड्याला विचारा.

दुसरा दिवस मुरुडचा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. होडीतून थेट दरवाज्याच्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागला, तर लाटेत होडी वर आली की उतरायचं; पकड असलेले बूट हवेतच. नावाडी तासाभरातच परत बोलावतात, म्हणून आधी कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव गाठा.

पावसाळ्यात हा बेत आखू नका.