‘पुरवणी मागणी’तली मागणी कुणाची?

प्रश्न असा आला आहे: अधिवेशन संपल्यावर आमच्या आमदारांनी मतदारांना पाठवलेल्या संदेशात ‘पुरवणी मागण्यांमध्ये आपल्या रस्त्यासाठी तरतूद मंजूर’ असं वाक्य आहे. ही मागणी आमदारांनी केली असं समजायचं का? तरतूद मंजूर म्हणजे पैसे आले का? आणि त्याच संदेशात पुढे ‘बांधकाम विभागाच्या मागणीवर कपात सूचना मांडली’ असंही आहे, म्हणजे रस्त्याचेच पैसे कापायला सांगितले की काय?

आधी मागणी. ती आमदारांची नाही, गावाचीही नाही. ती सरकारची आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च करायचा तर सरकारला विधिमंडळाची संमती घ्यावी लागते. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदातली ‘अनुदानाची मागणी’ ती हीच, आणि राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ती करताच येत नाही. म्हणजे इथे मागतो तो मंत्री, आणि द्यायचं की नाही हे ठरवते विधानसभा. आपल्याला सवय नेमकी उलटी: गाव आमदाराकडे मागतं, आमदार मंत्र्याकडे. म्हणून ‘मागणी मंजूर’ वाचलं की आमदारांचं म्हणणं सरकारने ऐकलं, असा अर्थ आपसूक लागतो. खरं तर सरकारचं म्हणणं सभागृहाने ऐकलेलं असतं. आमदारांनी पत्रं दिली असतील, मंत्र्यांच्या दालनात चार खेपा घातल्या असतील, तर त्याला ‘पाठपुरावा’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे. तोच वापरावा.

प्रत्येक मागणीला क्रमांक असतो आणि त्याआधी विभागाचं अक्षर. ‘एच’ म्हणजे सार्वजनिक बांधकाम, ‘एल’ म्हणजे ग्रामविकास. संदेशात ते अक्षर दिलेलं असेल तर रस्ता कोणत्या विभागाच्या पैशातून होणार ते तिथेच कळतं.

आता पुरवणी. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की आपण हात वर करून ‘सर, पुरवणी!’ म्हणतो, तीच ही. अर्थसंकल्प एरवी मार्चमध्ये येतो. पुढे मुंबईच्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकार पुरवणी मागतं, कारण एखाद्या कामाला धरलेली रक्कम पुरत नाही किंवा मार्चमध्ये नसलेलं नवं काम मध्येच उभं राहतं. दोन्ही कारणं २०५ व्या अनुच्छेदात आहेत. हिंदीत यालाच ‘अनुपूरक मांग’ म्हणतात. मला मराठी शब्द फार आवडतो. हट्ट पुरवणे, डोहाळे पुरवणे, डब्यातला लाडू चार दिवस पुरवून खाणे, या सगळ्यातलं ‘पुरवणे’ त्यात जिवंत आहे. कुणालाही न शिकवता कळतो.

‘तरतूद’ आणि ‘मंजूर’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेले. ‘तरद्दुद’ म्हणजे येरझार, त्यावरून विवंचना. उर्दूत आजही तो काळजी या अर्थानेच येतो. मराठीने त्या काळजीतून पुढची पायरी गाठली: काळजी वाटली म्हणून आधी करून ठेवलेली सोय ती तरतूद. लग्नघरातली असो की अर्थसंकल्पातली, तरतूद म्हणजे अमुक कामासाठी अमुक रक्कम बाजूला धरली, एवढंच. ‘मंजूर’ तर ‘नजर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. मूळ अर्थ ‘पाहिलेला’, नजरेखालून गेलेला. त्यावरून मान्य केलेला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या व्युत्पत्तीतच मिळतं. सभागृहाने पाहिलं आणि मान्य केलं, इथवर ‘मंजूर’ची धाव. पैसे येणं ही पुढची गोष्ट, आणि तिला शब्द वेगळे आहेत: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि शेवटी ‘निधी वितरित’. म्हणून ‘तरतूद’ आणि ‘निधी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ‘निधी आला’ असं वाचून पावसाळ्याआधी खडी पडेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाची त्यात फसगत होते.

कधीकधी पुरवणी मागणी फक्त १,००० रुपयांची असते. हजार रुपयांत रस्ता कसा, असं वाटेल. तिला ‘लाक्षणिक मागणी’ म्हणतात, बोलताना ‘टोकन’. पैसे त्याच विभागात दुसरीकडे वाचलेले असतात, पण काम नवं असल्यामुळे सभागृहाची संमती हवी असते. ती या हजारातून घेतली जाते.

‘अंदाजपत्रक’ या शब्दाशीही जरा जपून. तो अर्थसंकल्पासाठीही येतो आणि अभियंता करतो त्या रस्त्याच्या इस्टिमेटसाठीही. ‘रस्त्याचे अंदाजपत्रक तयार’ याचा अर्थ रस्ता बजेटमध्ये आला असा नव्हे.

गावात मात्र यातलं फारसं कुणी बोलत नाही. तिथे रस्ता ‘बजेटला लागतो’, ‘पुरवणीत घेतला’ जातो किंवा ‘पंचवीस-पंधरातून’ होतो. हे २५१५ म्हणजे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं), ज्यातून आमदारांनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं होतात. तसंच ३०५४ हे रस्ते-पुलांच्या देखभालीचं आणि ५०५४ भांडवली कामांचं, म्हणजे नव्या बांधणीचं. हिशेबाच्या वहीतला आकडा पारावरच्या बोलण्यात नाम होऊन बसतो, त्याला ‘तून’ प्रत्ययही लागतो. भाषेची ही ताकद मला कोणत्याही पारिभाषिक कोशापेक्षा मोठी वाटते.

राहिली कपात सूचना. घाबरू नका. अनुदानाच्या मागणीवर चर्चा चालू असताना एखाद्या तक्रारीकडे सभागृहाचं लक्ष वेधायचं, तर सदस्य ‘मागणीची रक्कम कमी करावी’ अशी सूचना देतो. लोकसभेच्या नियमांत अशा लाक्षणिक कपातीची रक्कम १०० रुपये ठरलेली आहे. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये कमी करण्यात कुणालाच रस नसतो. त्या सूचनेमुळे आपल्या भागातल्या खड्ड्यांवर सभागृहात बोलता येतं. तुमच्या आमदारांनी ती मांडली असेल, तर त्यांनी रस्त्याच्या विरोधात नव्हे, रस्त्यासाठीच तोंड उघडलं आहे.