मुलगा मशीनचा खडखडाट ऐकतो, डोक्यावर परिणाम होईल का?

भोसरीच्या एक ताई आल्या होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला, कानात दिवसभर हेडफोन, आणि त्यातून ऐकू येतं ते गाणं नाहीच, पत्रा कापल्यासारखा आवाज नि मधेच कुणीतरी जर्मनमध्ये ओरडतंय. "मॅडम, मोबाइलवर शोधलं तर नाझी, मुडदे, वेड्यांचं हॉस्पिटल असलं काहीबाही निघालं, हा जिवाचं काही बरंवाईट करणार नाही ना?"

मेटल, रॅप, सगळ्याबद्दल पालक हेच विचारतात. मी गाण्याकडे नंतर बघते. आधी झोप कशी, जेवतो का, मित्र तुटलेत का, आवडीच्या गोष्टी सोडल्यात का, मरणाचं बोलतो का. इथे तसं काहीच नव्हतं, रविवारचं क्रिकेटसुद्धा चालू. मग मुलाला एकट्याला बसवून हे सगळं परत विचारलं, मरणाचं तर सरळच, असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात विचार शिरतो ही भीती उगाच आहे. आणि मग म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तू सांग.

पोरगं सुटलंच. म्हणाला, याला इंडस्ट्रियल म्हणतात, 1975 ला लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल नावाचा ग्रुप निघाला, हॅकनीतल्या स्टुडिओला ते डेथ फॅक्टरी म्हणायचे, 1976 ला इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि त्यावरनंच नाव पडलं. त्याच वर्षी त्यांच्या प्रदर्शनावर एक खासदार इतका भडकला की त्यांना संस्कृती बुडवणारे म्हणाला (म्हणजे आईची काळजी नवी नाही). शेफील्ड हे पोलादाचं गाव, तिथले कॅबरे व्होल्टेअर टेपचे तुकडे जोडून गाणी करायचे, त्यातला ख्रिस वॉटसन पुढे पक्षी-प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करायला लागला, हे तर मला फारच आवडलं. आणि तो जर्मन ओरडा पश्चिम बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या ग्रुपचा, 1980 पासूनचे, भंगारातला पत्रा आणि ड्रिल मशीन वाजवणारे.

मग मी विचारलं, त्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सच्या लोगोवर फोटो कसला आहे? ऑश्विट्झ या नाझी छळछावणीचा, हे त्याला माहीत होतं, पण तिथे काय झालं ते नीट नव्हतं माहीत. इथे मात्र मी जरा धरलं त्याला. समाज जे झाकून ठेवतो ते तोंडावर आणायचं असं त्या लोकांचं म्हणणं, ठीक आहे, पण लाखो माणसं मारली ती जागा नुसती भारी दिसते म्हणून टीशर्टवर मिरवायची असेल तर आधी वाचून ये. वाचून आला. टीशर्टचं परत काही बोलला नाही.

पुढच्या वेळी वडीलही आले, उभा जन्म कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (जिथे मशीनखाली पत्रा दाबतात) गेलेला. पोराने स्पीकरवर लावलं तर म्हणाले, "हा ग्राइंडर आहे, आणि खाली काहीतरी लूज आहे." ताईंना हसू आवरेना.

हेडफोन काढून घेऊ नका, एवढंच मी ताईंना सांगितलं, आवाज मात्र कमी ठेवायला लावा. आणि झोप-जेवण बिघडलं, खोलीतून बाहेर येईनासा झाला किंवा मरणाचा विषय निघाला तर थांबू नका, लगेच या. वडिलांना ऑडिओमेट्री (कानाने किती ऐकू येतं याची तपासणी) करून घ्यायला सांगितली, कारण तासभर ते माझ्याशी ओरडूनच बोलत होते.