वाचकांचे प्रश्न : ‘बारा टक्के फ्लॅट’ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : माझे काजूचे छोटे युनिट आहे. हंगामात कच्ची बी भरायला एक फायनान्स कंपनी वर्षभरासाठी १ लाख देते, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. कॅलिफोर्नियातला भाचा म्हणतो, तिकडे लोकांनी मतदान करून व्याजाला मर्यादा घातली. गोव्यात तसे करता येईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मतदान झाले, पण भाच्याने अर्धेच सांगितले. तिथे १० टक्क्यांची मर्यादा कॅलिफोर्निया राज्याच्या स्वतःच्या घटनेतच होती. बाजारातले दर वर गेल्यावर ती अडू लागली, म्हणून नोव्हेंबर १९७९ मध्ये मतदारांनी ती धंद्याच्या कर्जांसाठी सैल केली : १० टक्के, किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा डिस्काउंट रेट (ती ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अधिक ५ टक्के, यांतले जास्त असेल ते. बँकांना तर ही मर्यादा आधीपासूनच लागू नव्हती.

गोव्याने १९६७ साली जनमत कौल दिला तो विलीनीकरणावर, संसदेने केलेल्या खास कायद्याखाली. व्याजावर असा कौल घेण्याची सोय नाही. सावकारांसाठी गोव्याचा २००१ चा कायदा आहे. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवले.

आता तुमचे १२ टक्के. व्याज १२,०००, म्हणजे ९,३३३ रुपयांचे १२ हप्ते. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावर मोजले तर हा दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. त्यात २ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापली, हातात ९८,००० आले, की पंचवीसच्या वर. शिवाय पहिला हप्ता महिन्यात सुरू होतो, तेव्हा तुमची बी अजून गोणीत असते!

सही करण्याआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ते सक्तीचे आहे, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे. मराठीत मागायला लाजू नका. त्यातला वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, तेवढा बघा. फ्लॅटचा आकडा विसरा. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्या कागदावर नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

हंगामी मालासाठी बँकेचे कॅश क्रेडिट आधी विचारा : उचललेल्या रकमेवर, उचललेल्या दिवसांपुरतेच व्याज. तारण आणि स्टॉकचे कागद मागतील, तेवढी दगदग आहे.